ज्वालामुखीची राख आणि खेकडे-कोळंब्यांची जीवाश्म कवचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडक बघायला माणसं घेऊन निघालं की वाटेत, आणि परतल्यावर फोनवर, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही शाळेतल्या मुलांचे, काही भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे, काही नदीकाठी पांढरा थर पाहून बुचकळ्यात पडलेल्यांचे. सगळ्यांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवते. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. राखेत कवच सापडलं असं म्हणता, ते नेमकं कोणाचं कवच?

क्रस्टेशिया म्हणजे कवचधारी संधिपाद प्राणी. खेकडा, कोळंबी, शेवंड हे बाजारात भेटणारे. पण जीवाश्मांच्या जगात त्यांचे बारके भाऊबंदच संख्येनं भारी पडतात. त्यातले सर्वात महत्त्वाचे ऑस्ट्राकॉड. शिंपल्यासारख्या दोन झडपा, आत कोळंबीसारखा प्राणी, आणि आकार बहुतेक वेळा तिळापेक्षाही लहान. खडकाला साबुदाण्याची कणी चिकटली असावी तसे दिसतात. समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणारे बार्नॅकलही याच कुळातले, आणि शिंपल्यासारख्या झडपांतले 'क्लॅम श्रिंप' म्हणतात तेही. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळी डबक्यांत या गटाचे नातेवाईक आजही पोहताना दिसतात.

शंख, शिंपले, कालवं यात मोडत नाहीत, ते मृदुकाय. त्यांची कवचं आणि खेकड्याचं कवच यांची घडण मुळातच वेगळी आहे. शिंपला जवळजवळ सगळाच खनिजाचा. खेकड्याचं कवच म्हणजे कायटिन नावाचा चिवट पदार्थ आणि प्रथिनं यांचं जाळं, त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं. कोळंबीत हे भरण अगदी थोडं, म्हणून तिचं साल वाकतं आणि खेकड्याचं तडकतं. पुढची बरीच उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

२. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतल्या राखेसारखीच ना?

नाव सोडलं तर दोघींत काही साम्य नाही. चुलीतली राख लाकूड जळून उरते, पाण्यात थोडी विरघळते, भांडी घासायला चालते. ज्वालामुखीची राख कशाच्याही जळण्यातून आलेली नाही. शिलारसात विरघळलेले वायू स्फोटासारखे फुटून बाहेर पडले की शिलारसाच्या चिंध्या होतात, आणि त्या हवेत इतक्या पटकन थिजतात की त्यांची काच बनते. २ मिलिमीटरपेक्षा बारीक कणांना राख म्हणायचं, त्याहून मोठ्यांना वेगळी नावं. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण फुटलेल्या काचेच्या बुडबुड्यांसारखे दिसतात, कडा धारदार.

ही काच टिकाऊ नसते. पाण्यात पडून राहिली की हळूहळू तिची चिकणमाती होते, मुख्यतः स्मेक्टाईट गटातली. अशा मातीच्या थराला बेंटोनाईट म्हणतात. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची 'राख' तुमच्या हाताला राखेसारखी लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती बहुधा फिकट, साबणासारखी गुळगुळीत माती असते.

३. एवढी गरम राख! कवच जळून जात नाही का?

राख जिथे पडते तिथवर पोचेपर्यंत बहुतेक वेळा थंड झालेली असते. समुद्रात किंवा तळ्यात पडली तर प्रश्नच मिटला. जाळून टाकते ती वेगळी गोष्ट: डोंगरउतारावरून धावत येणारा तप्त वायू आणि राखेचा लोंढा, ज्याचं तापमान शेकडो अंश असतं. त्यात कायटिन करपतं. कॅल्साईट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, मात्र एवढ्या उष्णतेला चटकन दाद देत नाही, त्याचा चुना व्हायला आणखी बरीच आच लागते. पण असा लोंढा सहसा प्राण्याला अखंड ठेवत नाही, आपटून, घुसळून टाकतो. अपवादाची एक झकास गोष्ट प्रश्न १३ मध्ये आहे.

४. मग राखेत जीवाश्म इतके चांगले टिकतात ते का?

तीन कारणं सांगतात, आणि तिन्ही खरी आहेत, पण सारख्या वजनाची नाहीत.

एक म्हणजे वेग. कोळंबी मेली की काही दिवसांत तिचे सांधे सैल पडतात आणि काही आठवड्यांत तुकडे सुटे होतात. घरी सालं दोन दिवस ओट्यावर विसरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. नेहमीचा गाळ वर्षाला मिलिमीटरच्या भागांनी साचतो, म्हणजे झाकायला येईपर्यंत झाकण्यासारखं काही उरतच नाही. राख मात्र एका उद्रेकात काही तासांत किंवा दिवसांत तळावर चांगला जाड थर टाकते. कण एकेकटे तरंगत उतरले असते तर आठवडे लागले असते. पण राखेनं जड झालेलं पाणीच लोंढ्यासारखं खाली बसतं.

दुसरं म्हणजे बंदोबस्त. थर पुरेसा जाड असला की वरून ऑक्सिजन पोचत नाही, मेलेलं खाणारे किडे आणि बिळं करणारे प्राणी त्याच राखेखाली गुदमरलेले असतात. पण ऑक्सिजन नसला म्हणजे कुजणं थांबतं हा समज चुकीचा आहे. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू आपलं काम चालूच ठेवतात, फक्त वेगळ्या रसायनानं.

तिसरं कारण म्हणजे हेच रसायन, आणि माझ्या मते सर्वात वजनदार तेच. काच विरघळताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सिलिका अशी द्रव्यं भोवतालच्या पाण्यात सोडते. कुजणारा प्राणी बायकार्बोनेट आणि सल्फाईड सोडतो. दोघांची गाठ पडते तिथे खनिजं जमू लागतात: कॅल्साईट, पायराईट (लोह आणि गंधकाचं खनिज), चिकणमातीचा पातळ लेप. म्हणजे राख फक्त पांघरूण घालत नाही, खनिजांचा कच्चा मालही पुरवते. प्रयोगशाळेत बंद पाण्यात कुजत ठेवलेल्या कोळंबीत काही आठवड्यांतच कॅल्शियम कार्बोनेट आणि फॉस्फेटचे स्फटिक धरलेले दिसलेत, तेही राखेशिवाय. शर्यत कुजणं आणि खनिज धरणं यांच्यात असते. राख दुसऱ्या बाजूला हात देते.

५. ताज्या राखेला आम्ल चिकटलेलं असतं असं वाचलं. आम्लात तर कॅल्शियमचं कवच विरघळतं! मग?

बरोबर वाचलंत. उद्रेकातले गंधकाचे, क्लोरीनचे, फ्लोरीनचे वायू राखेच्या कणांवर आम्ल आणि क्षारांच्या रूपात बसतात आणि पाणी लागताच सुटतात. घरी प्रयोग करायचा तर खेकड्याच्या नांगीचा तुकडा व्हिनेगरमध्ये ठेवा. आधी बुडबुडे येतात, एक-दोन दिवसांनी नांगी रबरासारखी वाकते. खनिज गेलं, कायटिन राहिलं.

पण समुद्राच्या पाण्यात आम्ल जिरवायची ताकद मोठी असते, त्यामुळे तिथे हा पहिला झटका लवकर ओसरतो. छोट्या, मृदू पाण्याच्या तळ्यात तो जास्त जाणवतो. पुढच्या काळात गणित उलटतं: काच विरघळण्याच्या क्रियेत पाण्यातली आम्लता वापरली जाते आणि पाणी अल्कधर्मी बाजूला झुकतं. म्हणजे पहिल्या दिवसांत राख कवचाची वैरी, नंतर मैत्रीण. कवच त्या पहिल्या दिवसांतून निभावलं का, यावर सगळं अवलंबून.

कवच कोणतं, यानंही फरक पडतो. खेकड्याच्या कवचातलं कॅल्साईट मॅग्नेशियमयुक्त आणि काही भाग अस्फटिकी, म्हणून लवकर विरघळणारं. ऑस्ट्राकॉडच्या झडपा कमी मॅग्नेशियमच्या कॅल्साईटच्या, तुलनेनं चिवट. एकाच थरात ऑस्ट्राकॉड हजारांनी आणि खेकडा एकही नाही, असं होण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

६. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोणतं?

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरचं. वेल्सच्या सीमेजवळ, सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या सिल्युरियन काळातल्या समुद्रतळावर राख पडली. त्या राखेचं आज बेंटोनाईट झालंय, आणि त्यात कार्बोनेटचे गोटे आहेत, लिंबापासून नारळापर्यंत वेगवेगळ्या आकारांचे. खनिजतज्ज्ञ रॉबर्ट किंग यांच्या हाती ते लागले आणि १९९६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत पहिला लेख आला. नेमकी जागा उघड केलेली नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर हातोडे घेऊन रांग लागली असती.

गोट्यांच्या आत काही मिलिमीटरचे प्राणी त्रिमितीत, चपटे न होता, पायांवरच्या केसांसकट टिकलेत. कवचधाऱ्यांची यादीच द्यावी अशी आहे. कोलिम्बोसॅथॉन एक्प्लेक्टिकॉस हा २००३ साली वर्णन केलेला ५ मिलिमीटरचा ऑस्ट्राकॉड. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ 'मोठ्या शिश्नाचा थक्क करणारा पोहणारा', कारण तो अवयवही टिकलाय. (व्याख्यानात हा अर्थ सांगितला की शेवटच्या रांगेतली मुलंही जागी होतात.) निम्फाटेलिना ग्रॅव्हिडा, २००७: झडपांच्या आत अंडी सांभाळणारी मादी. रॅम्फोव्हेरिटॉर, २००५: बार्नॅकल, तेही पोहणारी अळी आणि चिकटून बसलेलं पिल्लू अशा दोन्ही अवस्थांत. सिनेरोकॅरिस मॅग्निफिका, २००४: नावातच राख आहे, लॅटिन 'सिनेर' म्हणजे राख. आणि कॅस्कोलस रॅव्हिटिस, २०१७: हे नाव निसर्गपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड ॲटनबरो यांच्या सन्मानार्थ.

या ऑस्ट्राकॉडनी अभ्यासकांची जरा पंचाईतच केली. तोवर जीवाश्म ऑस्ट्राकॉडचं वर्गीकरण जवळजवळ सगळं झडपांच्या आकारावर चालत आलं होतं, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. आतला प्राणी दिसल्यावर कळलं की झडप एका घराण्यासारखी आणि शरीर दुसऱ्या घराण्याचं असू शकतं.

७. म्हणजे तिथे मूळ कवच आणि मांस दगड होऊन राहिलंय का?

नाही, आणि हा गोंधळ इतक्यांचा होतो की वेगळा प्रश्न केला. तिथे मांस कुजून गेलं. राहिली ती पोकळी, प्राण्याच्या आकाराची. राखेच्या बारीक कणांनी आणि लगेच बनलेल्या चिकणमातीनं तिच्या भिंती धरून ठेवल्या, भोवती कार्बोनेटचा गोटा पटकन घट्ट झाला, आणि मग पोकळीत कॅल्साईट भरलं. मुंबईत गणपतीचा साचा बघितलाय ना? साचा राखेचा, ओतीव मूर्ती कॅल्साईटची, आणि मूळ नमुना कधीच विरून गेलेला.

पॉम्पेईतही तसंच झालं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली माणसं कुजली, पोकळ्या उरल्या, आणि १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फियोरेल्ली यांनी त्यांत प्लास्टर ओतलं. हेरफर्डशायरमध्ये प्लास्टर ओतायचं काम निसर्गानं केलं.

गोट्याबाहेरच्या राखेत मात्र असं काही मिळत नाही. काचेची चिकणमाती होताना आणि वरचा भार वाढताना थर दबतो, आणि पोकळी गोट्याच्या आधाराशिवाय टिकत नाही.

८. एवढा दुर्मिळ जीवाश्म घासून संपवतात, हे खरं का? पाप नाही का ते?

खरं आहे. भरलेला कॅल्साईट आणि भोवतीचा कार्बोनेट क्ष-किरणांना जवळपास सारखेच दिसतात, म्हणून साध्या स्कॅननं काम भागलं नाही. मग गोटा एका वेळी २० ते ३० मायक्रॉन घासायचा, फोटो काढायचा, पुन्हा घासायचा. शेकडो फोटो संगणकात एकावर एक रचून त्रिमिती प्राणी उभा करायचा. शेवटी हातात भुकटी आणि हार्ड डिस्क उरते.

मलाही पहिल्यांदा ऐकून पोटात खड्डा पडला होता. पण न घासता तो दगड कपाटात ठेवला असता तर आडव्या कापाची एक पांढरी रेघ सोडून कोणालाच काही दिसलं नसतं.

९. सापडलेलं कवच मेलेल्या प्राण्याचं की टाकलेल्या कातीचं, हे कसं ओळखायचं?

हा फार चांगला प्रश्न आहे, कारण एक खेकडा आयुष्यात अनेक कवचं मागे टाकतो. कात टाकण्याआधी प्राणी जुन्या कवचातलं बरंचसं कॅल्शियम शोषून घेतो, म्हणून कात पातळ असते. खेकड्याची आणि शेवंडाची कात पाठीचं कवच आणि पोट यांच्या जोडावर उघडते, आणि पाठकवच झाकणासारखं उचललेलं राहतं. जीवाश्मात तसा कोन दिसला तर कातीची शक्यता जास्त.

इथे राख एक उपकार करते. ती घटना अचानक घडते, आणि त्या दिवशी तळावर जे होतं ते गाडलं जातं: जिवंत प्राणी, कालची कात, गेल्या महिन्यातला सांगाडा, सगळं एकत्र. राखेच्या थराच्या आत अखंड, पाय जुळलेले नमुने आणि थराच्या अगदी तळाशी सुटे तुकडे, अशी मांडणी दिसली तर अखंड ते त्या दिवशीचे आणि तुकडे आधीचे.

क्लॅम श्रिंपचा मामला निराळा. ते कात टाकतात पण झडपांचा बाहेरचा थर टाकत नाहीत, त्याखाली नवा चढवतात. म्हणून त्यांच्या झडपांवर वाढीच्या रेषा असतात. ऑस्ट्राकॉडवर अशा रेषा नसतात, ते दर खेपेस पूर्ण झडप बदलतात.

१०. ताई, आपला सगळा सह्याद्री ज्वालामुखीचा. मग इथे असे जीवाश्म का मिळत नाहीत?

मिळतात, फक्त राखेत फारसे नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे दख्खनचे उद्रेक बहुतांशी भेगांमधून वाहत आलेल्या लाव्हाचे. लाव्हा हजार अंशांच्या वरचा, त्यात कवच शोधणं म्हणजे भट्टीत पापड शोधणं. शाळेत 'ज्वालामुखी' म्हणून एकच चित्र शिकवतात, शंकूतून राख उडणारं, त्याचा हा परिणाम.

पण दोन उद्रेकांच्या मध्ये शांत काळ असायचा. त्यात तळी साचायची, गाळ बसायचा, आणि पुढचा लाव्हा त्यावर झाकण घालायचा. हे आंतरट्रॅपी थर. नागपूरजवळच्या टाकळीचे थर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात धुंडाळले, आणि तिथल्या ऑस्ट्राकॉडचं वर्णन रूपर्ट जोन्स यांनी १८६० मध्ये केलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज माहीत असतं, हिस्लॉपचे जीवाश्म फार कमी जणांना. मुंबईतही मलबार हिल आणि वरळीच्या आंतरट्रॅपी थरांत बेडकांचे सांगाडे, कासवं आणि सायप्रिस जातीच्या ऑस्ट्राकॉडची कवचं मिळाली. आज त्या थरांवर इमारती आहेत.

विदर्भ आणि लगतच्या छिंदवाड्याच्या थरांत चर्ट नावाचा सिलिकायुक्त कठीण दगड पुष्कळ असतो, आणि त्यात ऑस्ट्राकॉड आणि वनस्पती सिलिकामय होऊन टिकल्यात. ज्वालामुखी खडकांच्या झिजण्यातून सुटलेली सिलिका तळ्यात उतरायची. म्हणजे राखेचं पांघरूण नसलं तरी ज्वालामुखीच्या रसायनाचा हात होताच. प्रश्न ४ मधलं तिसरं कारण इथे एकट्यानं काम करताना दिसतं.

राख अगदी नव्हतीच असंही नाही. मुंबई परिसरात स्फोटक उद्रेकांचे टफ (राख घट्ट होऊन झालेला खडक) आणि ब्रेशिया (दगडांचे तुकडे सांधून झालेला खडक) आहेत, कान्हेरीची लेणी अशाच ब्रेशियात कोरलेली आहेत. घाटरस्त्यांवर दोन काळ्या थरांमध्ये जे तांबडे पट्टे दिसतात त्यांतले काही राख झिजून झालेले आहेत, पण सगळे नाहीत, बरेचसे जुन्या जमिनीचे. त्या तांबड्या मातीत कवच शोधण्यात वेळ घालवू नका. एवढ्या झिजलेल्या, लोहानं लाल झालेल्या मातीत कार्बोनेट टिकत नाही.

११. बोरीला कुकडीच्या काठी पांढरी राख आहे, ती टोबाची म्हणतात. तिच्यात खेकडे मिळतील का?

जुन्नर तालुक्यातलं बोरी हे राखेसाठी खरंच मोलाचं ठिकाण. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला आणि त्याची राख तीन हजार किलोमीटरहून दूर इथवर आली. बोरीच्या राखेच्या वयावरून अभ्यासकांत बराच वाद झालाय, काहींनी ती कितीतरी जुनी ठरवली. काचकणांचं रसायन मात्र टोबाशी जुळतं.

कवचांसाठी ही जागा निराशेचीच. तिथली राख नदीनं वाहून आणून, खळग्यांत साचवून ठेवलेली आहे. वाहत्या पाण्यात प्रश्न ४ मधला 'वेग' उरतो पण 'बंदोबस्त' जातो: गोड्या पाण्यातला खेकडा मेला की त्याचे तुकडे होऊन पांगतात, राख नंतर कुठल्या तरी वळणावर साचते. बोरीला जायचं तर राख बघायला आणि अश्मयुगीन हत्यारांची कथा ऐकायला जा.

१२. आणि लोणार?

लोणारचं विवर उल्कापातानं झालं, ज्वालामुखीनं नाही. खडक मात्र दख्खनचाच बेसाल्ट. हा विषय इथेच सोडू.

१३. चीनमधले ते 'प्राण्यांचं पॉम्पेई' म्हणतात ते काय आहे?

ईशान्य चीनच्या ल्याओनिंग प्रांतातले यीश्येन थर, सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचे. पिसं असलेल्या डायनोसॉरमुळे जगभर गाजले, पण कवचधारीही तिथे भरपूर आहेत. इओसेस्थेरिया हा क्लॅम श्रिंप तर एकेका पाटीवर शेकड्यांनी. तो, लायकॉप्टेरा मासा आणि इफेमेरॉप्सिस ही मेफ्लाय या कीटकाची अळी, हे त्रिकूट म्हणजे त्या थरांची ओळखच. शिवाय गोड्या पाण्यातले क्रेफिश: क्रिकॉइडोसेलोसस आणि पॅलिओकॅम्बॅरस. त्यांच्या मिशा आणि पाय दगडावर रेखाटल्यासारखे दिसतात.

'पॉम्पेई' हा शब्द २०१४ च्या एका अभ्यासानंतर चिकटला. तप्त राखेच्या लोंढ्यांनी प्राणी मारले आणि तळ्यात वाहून नेले, असा त्यातला दावा होता. २०२४ मध्ये दुसऱ्या गटानं तो खोडला: त्रिमितीत टिकलेले डायनोसॉर बिळं ढासळून गाडले गेले आणि तळ्यातले चपटे जीवाश्म नेहमीच्या संथ गाळात बसले, असं त्यांचं म्हणणं. क्लॅम श्रिंपपुरतं बोलायचं तर मला दुसरी बाजू पटते. पाटीवर थरामागून थर तेच श्रिंप दिसतात, आणि दर खेपेला आपत्ती आली असेल तर ती फारच वक्तशीर आपत्ती म्हणायची. त्या तळ्यांत राख वरचेवर पडत होती यावर मात्र दुमत नाही.

गरम लोंढ्यातला खरा अपवाद हवा असेल तर मोरोक्कोकडे बघा. तिथे सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वी असाच लोंढा समुद्रात शिरला, पाण्यानं निवला, आणि ट्रायलोबाईट (आता नामशेष झालेले समुद्री संधिपाद) त्रिमितीत, तोंडाभोवतीच्या अवयवांसकट साचाबंद झाले. २०२४ मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत हे प्रसिद्ध झालं.

१४. ट्रायलोबाईट म्हणजे खेकड्याचे पूर्वज ना?

पूर्वज नव्हेत. दोघेही संधिपाद, पण ट्रायलोबाईटचं घराणं वेगळं आणि आता निर्वंश. त्यांची कवचंही कमी मॅग्नेशियमच्या कॅल्साईटची आणि जाड, म्हणून ते सगळीकडे सापडतात आणि त्यांच्या शेजारी राहणारे पातळ कवचाचे प्राणी सापडत नाहीत.

१५. राखेचं वय काढता येतं म्हणे. मग कवचाचं वयही तेच धरायचं?

राखेतल्या झिरकॉन किंवा सॅनिडिन स्फटिकांवरून वय काढता येतं, युरेनियम-शिसे किंवा आर्गॉन पद्धतीनं. कवच राखेच्याच आत, अखंड असेल तर दोघांचं वय एकच धरायला हरकत नाही. पण तीन ठिकाणी फसगत होते.

राख पुन्हा वाहून आली असेल (बोरीसारखी, प्रश्न ११) तर वय उद्रेकाचं मिळतं, साचण्याचं नाही, आणि साचणं बरंच नंतरचं असू शकतं. झिरकॉन उद्रेकाच्या आधीच शिलारसात तयार झालेला किंवा जुन्या खडकातून उचललेला असू शकतो, मग वय जास्त येतं. तिसरी फसगत बिळांची: खेकडा नंतरच्या काळात राखेच्या थरात बीळ करून राहिला आणि तिथेच मेला, तर तो राखेपेक्षा तरुण. बिळाच्या भिंती आणि आतला वेगळा गाळ दिसतोय का, ते आधी बघावं.

१६. राखेचा थर किती जाड असला म्हणजे काम होतं?

एक ठरावीक आकडा नाही. मिलिमीटरभर थर बिळं करणारे प्राणी काही महिन्यांत गाळात कालवून टाकतात, पुढे तिथे थर होता हेही कळत नाही. काही सेंटिमीटरचा थर लहान प्राण्यांना वर येऊ देत नाही. प्राणी बारका असेल तर कमी राखही पुरते, म्हणूनही ऑस्ट्राकॉड या शर्यतीत खेकड्यांच्या पुढे.

पातळ राखेचा आणखी एक परिणाम असतो, तो जिवंतपणीचा. २०११ मध्ये चिलीतल्या पुयेव्हे-कोर्डोन काऊये उद्रेकानंतर पॅटागोनियातल्या तळ्यांत डाफ्नियासारख्या सूक्ष्म कवचधाऱ्यांना राखेचा त्रास झाल्याचं दिसलं. ते पाणी गाळून खातात, आणि अन्नाबरोबर काचकणही आत जातात.

१७. मला पांढऱ्या मातीत बारीक टिकल्यांसारखं काही सापडलंय. घरी कसं तपासू?

आधी जागेचा फोटो, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून. अक्षांश-रेखांश फोनवर टिपून ठेवा आणि थराचा वर-खाल लिहा. मूठभर माती वाळवून, मग साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. वाळलेली चिकणमाती पाण्यात आपोआप फुटते. बारीक गाळणीवर हलक्या पाण्यानं धुवा, उरलेलं काळ्या कागदावर वाळवा, दहापट भिंगाखाली बघा. ऑस्ट्राकॉड असेल तर घेवड्याच्या दाण्यासारखा आकार आणि कधी एका बाजूला बिजागरीची सरळ कड दिसेल.

आम्ल, व्हिनेगर, लिंबू यांपैकी काहीही घालू नका. 'फसफसलं म्हणजे कॅल्शियम' ही चाचणी बरोबर आहे, पण ती चाचणी झाल्यावर तुमच्याकडे नमुना उरत नाही. काही वेगळं दिसलं तर जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवा. विदर्भातल्यांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूर कार्यालय जवळ पडेल.

१८. राखेच्या थरात एकही कवच नाही. म्हणजे तेव्हा तिथे खेकडे नव्हतेच, असं म्हणता येईल का?

नाही म्हणता येत. कवच नसण्याची कारणं एवढी आहेत की 'प्राणी नव्हता' हे यादीत शेवटी येतं. पहिल्या दिवसांतलं आम्ल (प्रश्न ५). नंतर भूजलानं कवच विरघळवलं आणि पोकळी दबून गेली (प्रश्न ७). राख तळावर बसायच्या आधीच गढूळ पाण्याला कंटाळून पोहणारे प्राणी निघून गेले, ज्यांना पळता येतं ते गाडले जात नाहीत.

शोध घ्यायचाच असेल तर कवच नव्हे, दुसऱ्या खुणा शोधा. राखेच्या खालच्या थरात बिळं आहेत का? खेकडे बिळं करतात, भूत कोळंबीच्या बिळांना तर बऱ्याचदा गाळाच्या गोळ्यांचं अस्तर असतं, आणि अशी बिळं वरून पडलेल्या फिकट राखेनं भरली गेली तर कापलेल्या भिंतीवर पांढऱ्या बोटांसारखी उठून दिसतात. शिवाय नांग्यांची टोकं बघा. कवचाचा तो भाग सर्वात जाड आणि टणक असतो, त्यामुळे बाकी खेकडा पूर्ण गेल्यावरही गाळणीवर कधी कधी नखाएवढं, दातेरी कडेचं एकच टोक उरलेलं मिळतं.